लटकं मशीन

१

माझं काम मोडण्याचं आहे. कुणी विचारलं, तू नेमकं करतेस काय, तर मी एवढंच सांगते आणि समोरच्याचं तोंड बघते. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची असली की ती आधी माझ्याकडे येते. मी तिला हवं तसं वापरते, नको तसंही वापरते. मधेच वीज गेल्यासारखी बंद करते, तिच्या महत्त्वाच्या फायली उडवते, ती कुठे रडते ते बघते आणि साहेबांना कळवते. याचा मला पगार मिळतो, याचं ताईला कायम नवल वाटायचं. "लहानपणी घरात हेच फुकट करत होतीस की," ती म्हणायची.

अर्थात ही मोडतोड खऱ्या कॉम्प्युटरवर करायची नसते. माझ्या कॉम्प्युटरच्या आत, पडद्यावरच्या एका चौकोनात, दुसरा कॉम्प्युटर चालतो, नुसता नावाचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ताई त्याला लटकं मशीन म्हणायची आणि आता मीही तेच म्हणते. त्याचा मोठा गुण म्हणजे स्नॅपशॉट. हात लावायच्या आधी एक स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे मशीन त्या क्षणी जसं आहे तसं टिपून ठेवायचं. मग खुशाल वाट्टेल ते करा. शेवटी एक बटण दाबलं की मशीन त्या क्षणाला परत जातं, आणि मधे जे काही झालं ते झालंच नाही असं होतं. माझ्या हाताला हे इतकं सवयीचं झालं आहे की उतू गेलेलं दूध बघूनही बोट माउस शोधतं.

ही नवी सिस्टिम साहेबांनीच कुठून तरी मिळवली होती. बनवणाऱ्यांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, चांगली छळा तिला," साहेब फोनवर म्हणाले. "तुमच्या हातून वाचली तर कुठेही वाचेल."

ताईला अर्धांगाचा झटका आल्यापासून मी घरूनच काम करते. दोन खोल्या शेजारी शेजारी, मधलं दार सतत उघडं. अलीकडे माझं टेबल, पलीकडे खिडकीजवळ ताईचा पलंग. खिडकीखाली तिची गाडी उभी आहे, कापड घातलेली. ताईचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या गावाला तिने शिकवलं. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही वेगळा क्लच आणि ब्रेक आहे, आणि घाबरलेल्या माणसाला ती एकच सांगायची, "तू चालव, ब्रेक माझ्याकडे आहे." सांगायची म्हणजे ओरडायची. झटक्यात तिचा उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि शब्द सगळे गेले. मग परत आलेला पहिला शब्द होता "नाही". दुसरा "क्लच". डॉक्टरांना हसू आवरेना. मला मात्र रडू आलं, कारण ही तीच होती.

२

रोज सकाळी थेरपिस्ट यायच्या. चित्रांची कार्डं दाखवायच्या, ताईच्या डाव्या तळव्यावर बोटांनी ठेका धरायच्या, आणि ताई त्या ठेक्यावर घाम फुटेपर्यंत शब्द ओढून काढायची. मी इकडे काम करत ऐकायची. त्या दिवशी किल्लीचं चित्र होतं. "कि... कि..." करत ताईने बराच वेळ झटापट केली आणि अचानक शब्द अख्खा बाहेर पडला. थेरपिस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीतूनच ओरडले, "आता गाडी काढू."

दुपारी माझा त्या दिवसाचा मोडतोडीचा कोटा संपला. नवी सिस्टिम चिवट होती, पण मीही काही कमी नाही. शेवटी तिची पार वाट लावून मी नेहमीप्रमाणे सकाळच्या स्नॅपशॉटवर परत गेले. पडदा एकदा काळा झाला आणि सगळं जागच्या जागी आलं.

मग चहा घेऊन ताईकडे गेले आणि गंमत म्हणून किल्लीचं कार्ड उचललं. ताईने कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सकाळी आपण हे कार्ड बघितलं होतं, हेही तिला माहीत नसावं असं.

"असं होतं हो," थेरपिस्ट दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "मेंदू दमतो. आपण पुन्हा पेरायचं." मला पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

पुढे "उशी" हा शब्द आला आणि गेला. "खिडकी" आला आणि गेला. सकाळी यायचा आणि दुपारच्या चहापर्यंत टिकायचा नाही.

३

लटक्या मशीनला मी आवाज देत नाही. ते बनवतानाच त्याची आवाजाची सोय काढून टाकते, कारण प्रत्येक चुकीला टुंग करून बोंबलणारी सिस्टिम माझ्या डोक्यात जाते. हे सांगायचं कारण असं, की एका दुपारी ताई झोपलेली असताना माझ्या टेबलावरच्या स्पीकरमधून ताई म्हणाली, "किल्ली."

मी दारातून डोकावले. ताई झोपली होती, तोंड किंचित उघडं. मी परत येऊन बसले. स्पीकर म्हणाला, "उशी. खिडकी." अडखळणं नाही, घाम नाही. जुन्या ताईसारखं, टेचात.

मी भुतंखेतं मानत नाही. मानली असती तर कॉम्प्युटरच्या धंद्यात एक दिवस टिकले नसते. त्यामुळे आधी लटक्या मशीनची सेटिंग उघडली. आवाजाच्या रकान्यापुढे "काही नाही" असंच होतं. मग म्हटलं, थेरपिस्टबाई सकाळचे धडे रेकॉर्ड करत असतील आणि चुकून माझ्या कॉम्प्युटरवर काही वाजलं असेल. त्यांना फोन केला.

"छे हो," त्या म्हणाल्या. "मी कधीच रेकॉर्ड करत नाही. का, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि स्पीकरची तार उपटून ड्रॉवरमध्ये टाकली. ड्रॉवर बंद करताना आतून पुसटसं ऐकू आलं, "पाणी." मी ड्रॉवर जोरात लोटला आणि स्वतःवरच चिडले, कारण "पाणी" हा शब्द ताईने सकाळीच कमावला होता आणि काम संपल्यावर मी आत्ताच सकाळच्या स्नॅपशॉटवर परत गेले होते.

पलीकडे जाऊन मी ताईला उठवलं आणि पाण्याचं भांडं दाखवलं. तिने ओठ हलवले. काही आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच.

४

योगायोग म्हणून मी आणखी एक दिवस काढला. त्या सकाळी ताई चालत होती. तिच्या वॉकरला चार रबरी पाय आहेत आणि उजव्या मुठीला एक पट्टा आहे. ताईचा उजवा हात काही धरत नाही, म्हणून तो पट्ट्याने मुठीला बांधावा लागतो. वॉकर पुढे, मग पाय. थप्, मग घसटत एक पाऊल. थप्, मग घसटत एक पाऊल. थेरपिस्टबाई बाजूला हात धरून.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. फोन आला की मी लटकं मशीन थांबवून ठेवते. तीही सवयच. विरामाचं बटण दाबून मी "बोला साहेब" म्हणाले.

"ताई," पलीकडच्या खोलीतून थेरपिस्टबाईंचा आवाज आला. "चला, पुढचं पाऊल. ताई? अहो ताई?"

मी फोन हातात घेऊनच दारात गेले. ताई खोलीच्या मध्यावर उभी होती. डावा पाय जमिनीपासून वर उचललेला, आणि तो खाली येत नव्हता. सगळा भार त्या अर्ध्या उजव्या पायावर होता, जो तिला एरवी क्षणभरही पेलत नाही. डोळे उघडे होते पण पापणी लवत नव्हती. खालच्या ओठावर लाळेचा एक थेंब होता आणि तोही ओघळत नव्हता. थेरपिस्टबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

फोनमध्ये साहेब "हॅलो, हॅलो" करत होते. मी धावत टेबलाशी आले आणि मशीन पुन्हा चालू केलं. पलीकडे पाय जमिनीवर आपटला आणि ताईने दमून सुस्कारा सोडला.

डॉक्टर फोनवर म्हणाले की झटक्यानंतर असं क्षणभर भान हरपतं, काळजी करू नका. मी हो म्हणाले. मग एक प्रयोग केला. ताईला दिवसभर पलंगाच्या कठड्यावर डाव्या बोटाने टकटक करायची सवय आहे, गाडीचा इंडिकेटर वाजतो तशी. मी खुर्चीत बसून ती टकटक ऐकली आणि विराम दाबला. टकटक थांबली. पुन्हा चालू केलं. टकटक सुरू झाली, जिथे सुटली होती तिथून. हा प्रयोग मी पुन्हा केला नाही. उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिले. मला भीती वाटली, हे खरं आहे. पण त्याहून जास्त राग आला. माझ्या बहिणीचे घाम गाळून मिळवलेले शब्द माझ्याच बोटाने कुणीतरी काढून घेत होतं.

५

त्या दिवसापासून मी स्नॅपशॉटवर परत जाणं बंद केलं. लटकं मशीन नुसतं चालू ठेवलं आणि त्याला बोट लावलं नाही. वीज गेली तर म्हणून दुकानातून मोठी बॅटरी आणून जोडली. आणि बघा, ताईचे शब्द टिकायला लागले. "किल्ली" टिकला. "पाणी" टिकला. एके दिवशी वॉकरने खिडकीपर्यंत जाऊन ती खालच्या गाडीकडे बघत म्हणाली, "घाण." कापडावर पक्ष्यांनी केलेला उद्योग तिला सहन झाला नव्हता. मी तेव्हाच खाली जाऊन कापड धुतलं.

साहेबांचा मात्र जीव वरखाली. "मॅडम, अहवाल कुठे आहे? एका सिस्टिमला एवढे दिवस?"

"चिवट आहे, साहेब."

"मग उडवा ना ते मशीन आणि नवं घ्या. त्यात काय एवढं?"

"कुणीही त्याला हात लावायचा नाही," मी म्हणाले. असं मी साहेबांशी आधी कधी बोलले नव्हते. त्यांनी फोन ठेवून दिला.

आणि आवाज बंद झाला नव्हता. तार काढलेला स्पीकर ड्रॉवरमध्ये होता, ड्रॉवरला मी कुलूप लावलं होतं, आणि आत ती बोलत होती. आता सुटे शब्द नव्हते, अख्खी वाक्यं होती. "गिअर बदल. आरशात बघ. अगं समोर बघ, समोर." तिचा ठसका, तिची घाई, सगळं तिचं. मी कानात कापूस घालून काम करत होते. खोटं कशाला बोलू, कधी कधी कापूस काढून ऐकतही होते. किती दिवसांनी मी ती ताई ऐकत होते.

मग एका दुपारी ती मला म्हणाली, "छोटे, वरचं बघ."

छोटी मीच. ताईशिवाय मला असं कुणी म्हणत नाही, आणि झटक्यानंतर तिलाही ते जमलेलं नाही. मी पडद्याकडे पाहिलं. माझ्या स्नॅपशॉटांच्या वर, सगळ्यांत वर, एक स्नॅपशॉट होता जो मी घेतला नव्हता. त्याला नाव नव्हतं. तारीख होती ताई कोसळली त्याच्या आदल्या दिवसाची. तेव्हा ही सिस्टिम माझ्याकडे आलीही नव्हती.

"एकदाच दाब," ड्रॉवर म्हणाला. "सगळं होतं तसं होईल. भिऊ नकोस, ब्रेक माझ्याकडे आहे."

मोह झाला. इतका झाला की बाण त्या स्नॅपशॉटवर नेऊनही ठेवला. उद्या सकाळी ताई उठेल, मला शिव्या घालत गाडी काढेल, "चल बस, भाजी आणू" म्हणेल. मला दुसरं काय हवं होतं? फक्त एक गोष्ट अडत होती. ताईने जन्मात मला "भिऊ नकोस" म्हटलेलं नाही. मी घाबरले की ती म्हणायची, "मग भी, पण चालव."

मी बोट उचललं. "तू कोण आहेस ते मला माहीत नाही," मी ड्रॉवरला म्हणाले. "पण हिचं मी एकटी ठरवणार नाही. जिचं आहे तिला विचारते."

६

थेरपिस्टबाई गेल्यावर मी ताईला माझ्या खांद्यावर रेलवून या खोलीत आणलं. वॉकर तिच्या पलंगाशीच ठेवला. तिला माझ्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टूल घेतलं आणि सगळं सांगितलं. लपवलं नाही, सोपं करूनही सांगितलं नाही. माझ्या बटणाने तिचे शब्द कसे गेले, विरामाने तिचा पाय हवेत कसा राहिला, आणि हा वरचा स्नॅपशॉट दाबला तर काय होईल असं तो आवाज म्हणतो, ते सगळं. ती ऐकत होती. डावं बोट खुर्चीच्या हातावर टकटक करत होतं.

"तू पहिल्यासारखी होशील म्हणे," मी म्हणाले. "पण झटक्यानंतरचं सगळं पुसलं जाईल. तू शिकलेलं सगळं. आणि पहिल्यासारखी जी येईल ती तूच असशील का, ते मला सांगता येत नाही. तुझ्या मनात असेल तर मी दाबते, ताई. तू म्हणशील ते."

ताईने ड्रॉवरकडे बोट केलं. तिलाही ऐकू येत होतं.

"छोटे," ड्रॉवरमधून ताईचा आवाज म्हणाला, "ही कुणाला आणून बसवलीस माझ्या जागी?"

ताईची टकटक थांबली. मी घाबरून पडद्याकडे पाहिलं, पण मशीन चालू होतं. ती आपणहून थांबली होती. तिचा चेहरा मी ओळखला. शिकाऊ माणूस सिग्नल तोडून वर हुज्जत घालायला लागला की हा चेहरा व्हायचा.

"नाही," ताई म्हणाली.

तिचा पहिला शब्द, सगळ्यांत जुना, कमावलेला. मग तिने डावा हात पुढे केला आणि माउसवर ठेवला.

स्नॅपशॉट पुसला म्हणून लटकं मशीन मरत नाही. ते आज जसं आहे तसंच राहतं, फक्त परतीची सोय जाते. हे मी तिला सांगितलं. ती डाव्या हाताने माउस हलवत होती आणि बाण पडद्यावर भरकटत होता. मी मदत करायला गेले तर तिने माझ्या हातावर चापट मारली. एकेक करून तिने माझे सगळे स्नॅपशॉट पुसले. शेवटी वरचा, बिननावाचा राहिला. मशीनने विचारलं, हे पुसलं की मागे जाता येणार नाही, नक्की ना?

ड्रॉवर धडधडायला लागला. आत शब्द नव्हते, नुसता घशातला आवाज होता, ताई पहिल्या दिवसांत करायची तसा. तो ऐकवत नव्हता. ताईने ओठ घट्ट मिटले आणि बटण दाबलं.

७

ड्रॉवर शांत झाला. पडद्यावरचा चौकोन मिटला. मी बंद केलं नव्हतं, ताईने केलं नव्हतं, लटकं मशीन आपणहून बंद झालं.

मी ताईकडे वळले. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या पापण्यांवर नजर लावून बसले. पापणी लवली. पुन्हा लवली. तिने भुवई वर केली, म्हणजे काय बघतेस अशी. मी तिला मिठी मारली आणि हसले, आणि रडलेही, दोन्ही एकदम. बाहेर लख्ख ऊन होतं. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग पलीकडच्या खोलीत थप् असा आवाज झाला.

घरात तिसरं कुणी नव्हतं. वॉकर पडला असेल, मी मनात म्हणाले. पडलेला वॉकर खडखडतो, हेही मला माहीत होतं. पुन्हा थप् झालं, आणि त्यामागे पाऊल पडलं. घसटत नाही, नीट उचलून टाकलेलं. थप्, पाऊल. थप्, पाऊल. खिडकीकडून दाराकडे.

मधलं दार मी ताईला आणताना अर्धं लोटलं होतं. त्या फटीत आधी वॉकरचा रबरी पाय आला. मग मूठ दिसली. पट्टा सुटून खाली लोंबत होता, आणि मुठीवर उजवा हात होता. तो बांधलेला नव्हता. त्याने मूठ घट्ट धरली होती, बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत. मधल्या बोटावर, शिकाऊ माणसाच्या डावीकडे बसून वर्षानुवर्षं गिअरचा दांडा धरल्याने पडलेला घट्टा होता. तसाच घट्टा माझ्या शेजारी, ताईच्या मांडीवर निपचित पडलेल्या हाताला होता.

मी स्टुलावरून उठले आणि दार लावून घ्यायला झेपावले. माझे हात दारावर टेकले. पलीकडून कुणी ढकलत नव्हतं. कुणीतरी फक्त उभं होतं, वाट बघत.

"छोटे."

आवाज माझ्या मागून आला. अडखळत, जड, "छो" वर बराच वेळ थांबून. मी वळून पाहिलं. ताई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. डावा हात टेबलावर रोवलेला, आणि तिचा उजवा पाय, तो अर्धा मेलेला पाय, टाच टेकवून फरशीवर दाबलेला, कचकचून ब्रेक दाबावा तसा. दाराकडे बघत ती पुढचा शब्द ओढत होती. कपाळावर घाम फुटला होता. मी थांबले. तिच्या शब्दासाठी थांबायची मला आता सवय होती.

"येऊ... दे," ताई म्हणाली.

मी दारावरचे हात काढले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ब्रेक तिच्याकडे होता.